गरम शिंग

सांबराच्या वाढत्या शिंगाला मॅडम पालथा हात लावायच्या, लेकराचा ताप बघावा तसा. ‘गरम आहे ना काका? म्हणजे कळतंय त्याला.’ हे त्यांचं नेहमीचं बोलणं.

नाशिकबाहेरच्या हरणांच्या आवारात त्या जनावरांच्या डॉक्टर, मी चारापाणी करणारा. तुम्हीही कधी तिथल्या जाळीत बोटं घातली असतील, म्हणून सांगतो.

मी इगतपुरीकडचा, बैलांतला माणूस. पोळ्याला बैलाची शिंगं साळून चकचकीत करायची, हे लहानपणापासूनचं काम. इथं लागल्यावर पहिला पोळा आला, पण आवारात बैल कुठला? बाटलीच्या दुधावर वाढवलेलं एक सांबर होतं, त्याच्याच शिंगाला विळा लावला. वरचं केसाळ कातडं मला घाण वाटलं. दोनदा ओढला आणि रक्ताची चिळकांडी तोंडात गेली. गरम, खारट. जनावर असं ओरडलं की बायको खोलीतून धावत आली. मी तिथंच ओकलो.

मॅडमनी शिंग दाबून धरलं, पट्टी बांधली. मी म्हणालो, ‘शिंगाला कुठं दुखतं मॅडम? नखच ते.’

‘बैलाचं वरून नखासारखं असतं. हे वाढतं शिंग आहे. विहिरीत मोटर सोडताना पाइपाच्या अंगानं वायर सोडता ना? तशा यात रक्ताच्या नळ्यांच्या अंगानं जाणिवेच्या तारा आहेत. तुमच्या डोक्यात आहेत का, बघायला हवं.’

‘बघू नका मॅडम, आत पोकळ हाय,’ बायको म्हणाली.

मला माझीच किळस आली. ती अजून गेलेली नाही.

गेल्या साली बायको दवाखान्यात पडली. बोलणं बंद, डोळे मिटलेले. वॉर्डातला एकजण मोबाईल कानाला लावून तिच्या हातात शीर शोधत सुई खुपसत होता. हात काळानिळा झालेला. ‘हळू रे,’ म्हणालो.

‘आजोबा, त्यांना आता काही कळत नाही.’

त्याच्या तोंडावर थुंकणार होतो. पण हे तर माझंच बोलणं. थुंकी गिळली.

तेवढ्यात मॅडम आल्या, अंगाला जनावरांचा वास तसाच. बायकोच्या मनगटाला पालथा हात लावला. ‘गरम आहे. कळतंय त्यांना. फोन खिशात ठेवा, मग टोचा.’

‘तुम्ही कोण?’

‘जनावरांची डॉक्टर.’

त्यानं फोन ठेवला. सुई एकदाच टोचली.

चौथ्या दिवशी पालथा हात मीच लावला. मनगट गार होतं.

मॅडमची पुढं बदली झाली. कुठं, ते विचारायचं राहिलं. यंदा सांबराला जुनं गळून पुन्हा शिंग फुटलंय. मॅडमनी हात लावला की ते उभं राहायचं. मी लावायला गेलो की अजून मान मागं घेतं.