धाकटीच्या गालावरचा डाग

आमच्याकडे चेहऱ्यावर काही उगवलं की निदान करायला डॉक्टर लागत नाही. मुरुम आले, तर पोट साफ होत नाही. गालावर काळपट वांग पडले, तर रक्त खराब. नाकाच्या बाजूची कातडी सुटली, तर पाणी कमी पिते. लोक भाजी घेता घेता हे सांगून मोकळे होतात, आणि ज्याचा चेहरा आहे त्याने काही विचारलेलंही नसतं. मला याचा लहानपणापासून राग येतो. पण अकोटजवळच्या आमच्या गावात एका डागाचं नाव मात्र कोणी मोठ्याने घेत नाही. पांढरा डाग दिसला की आवाज खाली येतात आणि दार ओढून घेतलं जातं.

तसा डाग माझ्या धाकट्या बहिणीच्या डाव्या गालावर उमटला तेव्हा ती आठवीत होती. मी अमरावतीहून बी.एड. करून आले होते आणि घरात माझ्या लग्नाचं बघणं सुरू झालं होतं. आम्ही दोघीच बहिणी. डाग रुपयाएवढा, फिकट, हात लावला तर जरा खरखरीत. शेजारच्या काकूने तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि आईला म्हणाली, "हे साधं नाही बाई. मोठीचं जमू दे पयले, मंग पाह्य याच्याकडे. घरात कोड हाय म्हटलं तं कोन करीन पोरगी?"

पोरगी तिथेच उभी होती. तिच्यासमोर बोलतोय याचं भान कोणालाच नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही नव्हतं. मी माझ्या लग्नाच्या काळजीत होते.

दवाखान्यात न्यायचं नाही असं ठरलं. अकोटला नेलं तर ओळखीचं कोणीतरी बघणार. मग घरातच सगळे वैद्य झाले. तिचं दूध बंद, दही बंद, लिंबू बंद, मासे तर कायमचे बंद. काकूने मेडिकलमधून एक ट्यूब आणून दिली. तिच्या जावयाचा नायटा म्हणे तिने बरा झाला होता. नायट्याची ट्यूब पोरीच्या गालाला, आणि ती रोज रात्री आई स्वतः लावून देत होती. आठ दिवस गाल उजळ दिसला. महिन्याभरात लाल झाला, त्यावर बारीक पुटकुळ्या आल्या आणि मधला डाग आणखीच उठून दिसायला लागला. काकू म्हणाली, रोग बाहेर निघून राहिला. माझे आईबाबा, ज्यांना वांग्याच्या पानावरचा ठिपका बघून कीड की करपा हे लांबून कळतं, ते यावर मान डोलावत होते.

पाहुणे यायचे त्या दिवशी बाबा तिला सकाळीच गाडीवर बसवून वावरात सोडून यायचे. मोटरच्या खोलीत. सोबत डबा आणि शाळेचं दप्तर. पाहुणे गेले की आणायला जायचे. दोनदा असं झालं. तिसऱ्यांदा धामणगावहून मंडळी आली. मी पोह्यांच्या बश्या देऊन खाली मान घालून बसले. मुलाच्या आत्याने नाव विचारलं, शिक्षण विचारलं, मग म्हणाली, "भाऊ-बहीन किती तुले?"

आईने आदल्या दिवशी शिकवून ठेवलं होतं. मी म्हणाले, "मी एकटीच."

किती सहज म्हणाले. त्यांनी गावात पहिल्या घरी विचारलं असतं तरी खोटं उघडं पडलं असतं. पण त्यांना मी पसंत होते, आणि पसंत पडलेल्या घरी कोणी फार खोदत नाही. त्या दिवशी ते उशिरापर्यंत बसले. चैत्रातलं ऊन, मोटरच्या खोलीवर पत्रे. बाबा तिला घेऊन आले तेव्हा तिचं तोंड लालबुंद झालं होतं आणि तिचा पहिला प्रश्न होता, "ताई, जमलं काय?"

मला स्वतःची एवढी किळस कधी आली नव्हती. दुसऱ्या दिवशी शाळेत नोकरीचा अर्ज द्यायला जाते असं सांगून मी तिला सोबतीला घेतलं आणि एसटीने अकोला गाठलं. त्वचेच्या डॉक्टर बाईंनी भिंगातून बघितलं, खोलीत अंधार करून निळसर दिवा लावून बघितलं. पाच मिनिटंही लागली नसतील. म्हणाल्या, "हे कोड नाही. कातडी कोरडी पडून असे डाग येतात, या वयात खूप मुलांना येतात. आजूबाजूचा चेहरा उन्हाने रापतो म्हणून जास्त दिसतात. साधं मलम लावा, काही महिन्यांत रंग भरेल. ही लाली आणि पुटकुळ्या मात्र तुमच्या ट्यूबने दिल्यात. ती पुन्हा लावू नका."

मी रडायला लागले. बहीण शांत बसली होती. तिने विचारलं, "आणि कोड असतं तर?"

"तर त्याचं औषध दिलं असतं," बाई म्हणाल्या. "कातडीचा रंग तयार व्हायचं थांबतं, एवढंच. ते कोणाला लागत नाही, दुधामाशाने होत नाही. कोड असलेली माणसं सगळं करतात. तू पण केलं असतंस."

घरी हे सांगितल्यावर आनंदीआनंद झाला. आईने तिला जवळ घेतलं, वाटीभर दही खायला दिलं. काकू म्हणाली, मले वाटतच होतं. मी पेटले. साधा डाग निघाला म्हणून पोरगी परत घरातली झाली, आणि कोड निघालं असतं तर तिला मोटरच्या खोलीतच वाढवणार होतात का, असं मी सगळ्यांसमोर विचारलं. आई म्हणाली, आता चांगलं झालं तं काहून उकरतं? तिच्या मते विषय संपला होता.

विषय संपला नव्हता, कारण धामणगावची मंडळी सुपारी फोडायला येणार होती आणि त्यांच्या लेखी मी एकटी होते. घरात सगळ्यांनी विचार केला. खरं सांगून टाकू असं त्यात कोणालाच सुचलं नाही. बाबांनी तोड काढली, "मामाची पोरगी हाय म्हनू. हिवरखेडहून आली. लगन झाल्यावर सांगू हळूहळू." बहिणीला नवा ड्रेस घेतला. ती आता घरात राहू शकत होती, फक्त स्वतःच्या घरात पाहुणी म्हणून. मी ठरवलं होतं की विषय निघाला तर आपण बोलायचं. न निघाला तर काय, हे मात्र ठरवलं नव्हतं, आणि तो निघू नये असंही मनात होतं.

ती पाण्याचे ग्लास घेऊन आली. मुलाच्या आत्याने कौतुकाने विचारलं, "हे कोन व?"

मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "मी ताईच्या मामाची पोरगी."

जराही अडखळली नाही. मी उभी राहिले. म्हणाले, "माझी सख्खी बहीण आहे. मागच्या वेळी मी खोटं बोलले." आणि मग डागापासून मोटरच्या खोलीपर्यंत सगळं सांगितलं. बाबा जमिनीकडे बघत होते. आत्या एकदा बहिणीच्या गालाकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. चहा तसाच राहिला. घरी जाऊन कळवतो म्हणाले, आणि त्यांनी कधीच कळवलं नाही.

ते गेल्यावर मला हलकं वाटत होतं. खरं बोलल्याचा थोडा तोराही आला होता. बहीण मागच्या दारी ग्लास विसळत होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने तो झटकला.

"तुले कोनी सांगतलं होतं बोलाले?" ती म्हणाली. "आता तुह्यं लगन मोडलं ते माह्याच डागानं मोडलं म्हनतीन सारे."

आणि सगळे तसंच म्हणाले.