मूळ गाव कुठलं?

माझ्या हार्ड डिस्कमध्ये अजून भरपूर जागा आहे. किस्से मात्र डोक्यात मावेनात! फोटोग्राफी सुरू करताना वाटलं होतं, फोटोंचे अल्बम साठतील. साठले भलतेच.

उस्मानपुऱ्यातल्या आमच्या फ्लॅटचा हॉल म्हणजे माझा स्टुडिओ. सोफा आतल्या खोलीत कोंबला, भिंतीवर राखाडी पडदा लावला, पुढं एक स्टूल ठेवलं. बाबांनी अट घातली : "दसऱ्यापर्यंत एका तरी परक्या माणसानं पैसे देऊन फोटो काढला पाहिजे. नाहीतर सोफा हॉलमध्ये, अन् तू वाळूजच्या कंपनीत, मामाच्या हाताखाली!"

मामाच्या हाताखाली! मी तर घाबरूनच गेले.

* * *

पहिलं गिऱ्हाईक सोसायटीच्या ग्रुपवरून आलं. एक शिक्षिका. फोटो झकास निघाला. तेवढ्यात आई चहा घेऊन आली. आई पिशोरची. तिला माणूस दिसला की पहिला प्रश्न ठरलेला.

"मूळ गाव कुठलं म्हणायचं?"

"कन्नड."

"कन्नडात कुणाच्या घरातली?"

चहा संपायच्या आत त्या बाई माझ्या मावशीच्या जावेची भाची निघाल्या! त्यांनी पर्स उघडली, तर आईनं त्यांची मूठच मिटली. "लेकीबाळींकडनं पैसे घेत्यात व्हय?"

वर हळदीकुंकू लावून ब्लाउजपीस दिला. माझा पहिला धंदा असा तोट्यात गेला. बाबा पेपरामागून म्हणाले, "परक्या घरची ती, तिला काय कळतंय धंद्यातलं!"

हे बाबांचं आवडतं वाक्य. चहा गोड झाला तरी परक्या घरची, गॅस संपला तरी परक्या घरची!

* * *

मग मी शहाणी झाले. लग्नाच्या बायोडेटासाठी एका मुलाला फोटो हवा होता. त्याला मुद्दाम आईच्या भजनाच्या वेळेला बोलावलं. दार उघडलं तर तो आईची भाजीची पिशवी घेऊन उभा, मागं आई!

"जिन्यात भेटले. भजन नव्हतं आज," आई म्हणाली.

"मावशी, पिशवी कुठं ठेवू?" तो म्हणाला.

तिसऱ्या मजल्यापर्यंत मावशी झाली होती. पैशाचा विषय तिथंच संपला.

* * *

एक केस मात्र आईच्या तावडीतून सुटली होती. कोपऱ्यावरच्या पार्लरवालीला मी सांगून ठेवलं होतं, मेकअप झाला की बायकांना सरळ माझ्याकडं पाठव. एक ताई आल्या. मी लाइट असा काही लावला की विचारू नका! त्या स्क्रीनकडं बघतच बसल्या.

"लई भारी आलाय गं. पण ह्यांनी बघितला तर म्हणतील, ही कोण?"

"आवडला ना पण?"

"आवडला की. पण पैसे जिचा फोटो आहे तिच्याकडनं घे!"

आणि गेल्या की हो! आई तर घरातही नव्हती.

* * *

नसीमभाई आले तेव्हा मी निर्धास्त होते. कापडाचं दुकान, गल्ल्यामागं लावायला अब्बांचा फोटो हवा होता. इथं आईचं काय नातं निघणार?

अब्बा ताठ बसलेले, हसायचं नाव नाही. आईनं चहा ठेवला. "मूळ गाव?"

"पिशोर," अब्बा म्हणाले.

झालं! अब्बांच्या आईनं माझ्या आईच्या लग्नाचे ब्लाउज शिवले होते. दोघं बाजारगल्लीच्या गोष्टी काढून असे हसायला लागले की मी कॅमेरा खालीच ठेवला नाही. तो माझा आजवरचा सगळ्यात चांगला फोटो. खरं सांगते, काढताना माझेच डोळे भरून आले.

आई नसीमभाईंचीही मावशी झाली. ते म्हणाले, "खाला, पैसे तो लेनाच पडेंगे."

"माहेरच्या माणसाकडनं? नाय!"

आता दुकानात फोटो बघून कुणी विचारलं तर नसीमभाई अभिमानानं सांगतात, "हमारी बहन निकाली. पैसे नक्को बोलते उनके घर में!"

लोक पत्ता विचारतात. मी दारावरची पाटीच उतरवली.

* * *

दसरा तोंडावर आला आणि देव पावला. मदुराईचा एक इंजिनिअर आला. आईनं विचारलं, त्यानं गाव सांगितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा आई गप्प झाली. मी आनंदानं स्वतः चहा टाकला. फोटो झाला. त्यानं पैसे भरायला मोबाइल काढला.

"थांबा!" पेपर बाजूला झाला. "मदुराई? रामेश्वरला जाताना तिथल्या स्टेशनावर माझी चप्पल हरवली होती. एका माणसानं पायातली काढून दिली हो! त्या गावच्या माणसाकडून पैसे घ्यायचे?"

"बाबा! अट तुमची आहे!"

"अट तिच्या जागी," बाबा म्हणाले आणि त्याला जेवायलाच थांबवलं.

आई स्वयंपाकघराच्या दारातून सगळं बघत होती.

* * *

दसऱ्याच्या आदल्या दिवशी बाबांनी सोफ्याचं एक टोक धरलं, दुसरं मला धरायला सांगितलं. मामाचा फोनही येऊन गेला होता. एवढ्यात आई बाहेर आली. चांगली साडी, केसात गजरा, हातात तिची स्वतःची पर्स. सरळ जाऊन स्टुलावर बसली.

"फोटो काढायचाय."

"अगं, तुझं काय मधेच?" बाबा म्हणाले. "परकं गिऱ्हाईक पाहिजे होतं."

"मंग? लग्न होऊन आले तवापास्नं ऐकतेय, परक्या घरची, परक्या घरची. आज सांगा एकदाचं. घरची हाय का परकी?"

बाबांनी सोफ्याचं टोक खाली ठेवलं. माझ्याकडं बघितलं. मी कॅमेऱ्याच्या मागं लपले.

मग त्यांनी हळूच सोफा उलट्या दिशेला, आतल्या खोलीकडं ढकलायला सुरुवात केली.

आईनं पर्सची चेन उघडली, मान वर केली आणि मला म्हणाली, "काढ आता. अन् पैसे पुरे घे. मूळ गाव इचारू नको!"