कार्डाला हात कुणी लावला

चाळीस वर्षं मी सोलापुरात यंत्रमागावर जॉबर होतो. मागाचा बिघाड काढायचा, हे माझं काम. शाळा दुसरीपर्यंत, पण हातात पाना आला की मी कुणाला जुमानत नसे. आमची एक रीत होती. बाहेरचा माणूस दुरुस्तीला येणार असला, की मागाच्या चांगल्या भागांवर आधी कानशीनं बारीक खूण करून ठेवायची. माणूस जास्तच हसतमुख असला, तर दोन खुणा.

माझी सून घरीच कॉम्प्युटरवर टॉवेलची नक्षी काढते. त्यात विंडोजच्या जागी लिनक्स आहे. फुकट मिळतं म्हणाली, तेव्हाच मला शंका आली होती. परवाच्या उन्हाळ्यात कॉम्प्युटरच्या डब्यात टॉवेलांचं तूस भरलं म्हणून तिनं साफ करायला मेकॅनिक बोलावला. फोनवर लई गोड बोलला. तो यायच्या आधी, सून बाजारात गेलेली बघून मी डबा उघडला. नेटची वायर ज्या कार्डात बसते ते उपसलं, कडेला दोन खुणा केल्या. परत बसवायला तशाच दोन खाचा दिसल्या. हाताला सोपी पडली तीत घट्ट बसवलं.

मेकॅनिक आला, हवा मारली, चहा पिऊन गेला. दुपारी बघतो तर नेट बंद. आणि चारच्या आत नक्षी बाहेरगावच्या व्यापाऱ्याला जायला हवी होती, नाहीतर तो काम दुसऱ्याला देणार होता. मोबाइलच्या नेटवर एवढी मोठी फाइल सरकत नव्हती.

“कार्ड बदललं त्यानं,” मी म्हणालो.

“मामंजी, थांबा की जरा.”

मी बॅटरी मारून आत पाहिलं. दोन्ही खुणा जागेवर. कार्ड आपलंच. मग ह्यानं नेलं तरी काय? खुणांचं मी काही बोललो नाही.

सुनेनं काळ्या पडद्यावर काहीतरी लिहिलं. “कार्ड दिसतंय, पण नाव भलतंच दाखवतंय.” तिनं मेकॅनिकला फोन लावला, स्पीकरवर.

“वहिनी, कार्ड दुसऱ्या खाचेत गेलंय. खाच बदलली की लिनक्स त्याला नवं नाव देतं. सेटिंग मात्र जुन्याच नावावर राहतं.”

“मग तुमीच हलवलं असणार. आता नीट करून द्या.”

“मी नुसती हवा मारली. कार्डाला हात न्हाय लावला.”

“मग काय ते चालत गेलं व्हय?”

“आधी हात कुणी लावला ते बोला, मग पुढचं सांगतो. माझं नाव खराब करू नका.”

साडेतीन वाजले होते. मी उभ्या जन्मात मालकासमोरसुद्धा चूक कबूल केलेली नाही.

“मी काढलं होतं,” मी म्हणालो.

सुनेनं फोन तेवढा माझ्या तोंडासमोर धरला.

“मी सासरा बोलतोय. कार्ड मी हलवलं. तुमची चूक न्हाय.”

“काका, आवाज तुटतोय. परत बोला की.”

परत बोललो. मोठ्यानं. शेजारीण गॅलरीत आली.

मग त्यानं सेटिंगची फाइल कुठली ते सांगितलं. सुनेनं जुनं नाव खोडून नवं घातलं, नेट सुरू झालं, आणि चारला दहा कमी असताना नक्षी गेली.

पण आवाज तुटत होता, हे मला अजून पटलेलं नाही. सुनेचा शब्द न् शब्द त्याला ऐकू जात होता.