पान्ह्याची सुई
आज दवाखान्यात कंपाउंडरने औषधाची काचेची कुपी फोडली आणि त्या आवाजासरशी मला सानगडीच्या सासरचा गोठा आठवला. म्हशीचं रेडकू मेलं होतं, म्हणून ती दूध देईना. सासऱ्यांनी बाजारातून पान्हा सोडवायची सुई आणली आणि तशाच काचेच्या कुप्या फोडून दोन्ही वेळा धारेआधी टोचू लागले. टोचलं की म्हैस थरथरायची, मग दूध आपोआप गळायचं. नवी सून असूनही एका सकाळी मी त्यांच्या हातातली सुई हिसकावली. "मामाजी, लेकरू मेलं तिचं! काहून जुलूम करून राहिले?" "दूध देऊन राहिली ना? तुले काय समजते!" मी सुई उकिरड्यावर फेकली, संध्याकाळी नवी आली. पुढे ती म्हैस कधी माजावर आलीच नाही आणि त्यांनी तिला विकून टाकलं. त्यांच्यावरचा राग अजून गेलेला नाही. पण तेच दूध तापवून रोज मीच घरभर चहा दिला, स्वतःही प्यायले, याचा राग त्याहून मोठा आहे.