पाणी पाजणारे मामा

माझ्या बायकोच्या मामांनी जन्मात कुणाचं वाईट चिंतलं नाही, आणि तरीही त्यांच्या हातून जेवढे जीव गेले तेवढे आमच्या अख्ख्या गोतावळ्यात कुणाच्या हातून गेले नसतील. शस्त्र एकच, पाणी. धुळ्याच्या पोस्टातून निवृत्त झालेल्या या गृहस्थांना समोरचा प्रत्येक जीव तहानलेलाच दिसे. पाहुण्यानं चपला काढायच्या आत तांब्या पुढे येई, आणि तो रिकामा झाला की लगेच दुसरा. नळाला पाणी दिवसाआड, पण मामांची पिंपं कायम काठोकाठ. कूलर ते इतका भरत की ओघळ शेजारणीच्या उंबऱ्याला लागे. अंगणातली तुळस त्यांच्या मायेनं दरवर्षी कुजे आणि तुळशीच्या लग्नाला नवरी नवी आणावी लागे. निवडुंगही पाण्यानं मरतो, हे मी त्यांच्याच ओट्यावर पाहिलं. "ऊन केवढं शे!" म्हणत त्यांनी त्याला चैत्रभर रोज बादली घातली होती. एका सकाळी तो सडक्या काकडीसारखा मधोमध वाकला.

हे सगळं ठाऊक असून मी माझा बोन्साय त्यांच्याकडे ठेवला. ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. ऐन मे महिन्यात मला तीन आठवड्यांच्या प्रशिक्षणासाठी पुण्याला जायचं होतं, बायकोही सोबत येणार होती, आणि जळगावात मेहरूणचं आमचं घर बंद राहणार होतं. झाड वडाचं. भिंतीच्या फटीतून काढलेलं दोन पानांचं रोप मी अकरा वर्षं उथळ कुंडीत वाढवलं होतं. उंची हातभर, पण पारंब्या फुटलेल्या. जळगाव ते धुळे मी ते एसटीत मांडीवर धरून नेलं. पारोळ्याला गाडीत चढलेल्या एका म्हाताऱ्या अक्कांनी तर त्याला हात जोडले. मामांना मी पुन्हा पुन्हा बजावलं, "मातीत बोट घालून बघायचं. कोरडी लागली तरच पाणी." मामांनी प्रत्येक वेळी मान डोलावली.

तीन आठवड्यांनी परत आलो तर वडाला एकही पान नव्हतं. मामा कुंडीशेजारी उकिडवे बसले होते, हातात झारी.

"पानं पिवळी पडनीत, जावईबापू. तहान लागनी व्हई म्हनीसन मी आनखी पानी घालं. दिवसातून पाच डाव."

मी खोड हलकेच धरलं, आणि ते मुळा उपटावा तसं अलगद वर आलं. मुळं काळी, बुळबुळीत. तुंबलेल्या मोरीसारखा भपकारा आला. पण खरा धक्का पुढेच होता. मी कुंडी उलटी केली, तर तिला भोकच नाही! जिथे भोक होतं तिथे डांबर लावून सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवलेला.

"भोक कुठे गेलं, मामा?"

"बुजी टाकं ना!" मामांचा चेहरा उजळला. "बठ्ठं पानी वाया जाये."

म्हणजे ही कामगिरी ते मला कौतुकानं दाखवत होते! माझा तोल गेला. "मामा, तुम्ही बुडवून मारलंत याला. यापुढे माझ्या झाडाला हात लावायचा नाही."

 मामांनी झारी खाली ठेवली आणि ते आत गेले. मी कात्री मागून सडकी मुळं छाटली, दोन-चार पांढरी उरली ती राखली, ट्यूब खरवडून काढली आणि झाड जाड वाळूत लावून सावलीत ठेवलं. अशा अवस्थेत ते एसटीतून नेणं शक्य नव्हतं. मामींना म्हटलं, "दर चार दिवसांनी वाटीभर पाणी, बस." आणि जेवायलाही न थांबता निघालो. पुढे मामांची पोस्टकार्डं येत राहिली, "वडाची तब्येत कळवावी." झाड त्यांच्याच घरात असताना हे मला काय विचारतात, म्हणून मी आणखीच चिडलो. एकालाही उत्तर दिलं नाही.

महिन्यानं धुळ्याला गेलो. खोडाच्या बेचक्यात तांबूस कोंब आला होता. मी आनंदानं ओरडलो, "मामा कुठे आहेत?"

मामींनी पदराला हात पुसले. "ते बोदवडला, लेकीकडे. तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्याच दिवशी गेले. म्हणाले, मी घरात राहिलो तर हात आवरणार नाही, आणि पाव्हण्याचं झाड मरेल."

 जाब विचारायला म्हणून पिशवीत आणलेलं एक पोस्टकार्ड मी काढून पाहिलं. त्यावर शिक्का बोदवडचाच होता. महिनाभर मी तो पाहिलाच नव्हता.

रविवारी पॅसेंजरनं बोदवडला उतरलो. मामा लेकीच्या ओट्यावर शेंगा फोडत बसले होते, वाळलेले, दाढी वाढलेली. मला पाहताच उभे राहिले, पण विचारायचं धाडस होईना. मीच म्हणालो, "मामा, कोंब फुटला."

त्यांनी शेंगांचं सूप हळूच बाजूला ठेवलं. धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. आणि माझ्या बापाच्या वयाच्या त्या माणसानं मला विचारलं, "मंग आते येऊ का मी घर?"

 मी आत जाऊन त्यांची पिशवी भरू लागलो.