बावतीसकाकांचा पंतप्रधान

फिलोमिनामावशींचा, म्हणजे बावतीसकाकांच्या बायकोचा, फोन आला तेव्हा मी मस्कतमध्ये कुरुमच्या ऑफिसात होते. "गेले गो बाय ते," त्या म्हणाल्या आणि रडायच्या ऐवजी चिडल्याच. "जातानासुद्धा धड काही बोलले नाहीत. मी म्हणत होते, देवाचं नाव घ्या. तेवढ्यात नर्सने विचारलं, कसं वाटतंय? तर म्हणतात, विरोधी पक्षात बसल्यासारखं! खुर्ची गेली, पण बोलायला बंदी नाही. झालं, तेच शेवटचं. आता गावी फादरनी विचारलं तर काय सांगू मी?" मला हसू आवरलं नाही. मग मावशीही हसल्या.

बावतीसकाका मूळचे वसईचे. मस्कतला आले ते ऐन तारुण्यात, एका विमा कंपनीत. काम होतं मोटार अपघातांचे दावे तपासायचं. "अपघाताच्या वेळी दोन्ही गाड्या उभ्याच असतात, असं दोन्ही ड्रायव्हर सांगतात," हे त्यांच्या आयुष्यभराच्या अनुभवाचं सार. मस्कतच्याच अल् घुब्रा भागात आमच्या बरोबर वरच्या मजल्यावर ते राहायचे. नोकरीच्या सुरुवातीला त्यांचा साहेब इंग्रज होता. मायदेशी परतताना त्याने कपाटातली जाडजूड चरित्रं काकांना देऊन टाकली, आणि ती सगळी एकाच माणसाची निघाली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनचा गाडा हाकणारा, तोंडात सिगार धरून समोरच्याची फिरकी घेणारा तो पंतप्रधान. काकांनी ती पुस्तकं वाचली आणि त्या माणसाला घरातलाच करून टाकलं. लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये, भाजीच्या रांगेत, कुठेही त्यांची सुरुवात ठरलेली… "आमचे पंतप्रधान म्हणत…"

यातून घोटाळे व्हायचे. इमारतीत नवीनच राहायला आलेला एक तरुण लिफ्टमध्ये एकदा चांगलाच पेटला. काका म्हणत होते की आमच्या पंतप्रधानांनी युद्ध जिंकलं आणि लगेच निवडणूक हरले, असे कृतघ्न मतदार! तो ओरडला, "अंकल, फेक न्यूज पसरवू नका!" सहाव्या मजल्यापर्यंत भांडण झालं. लिफ्टचं दार उघडल्यावर काका शांतपणे म्हणाले, "अरे, ते वारले. तुझ्या जन्माआधी." तो बिचारा इतका ओशाळला की सॉरी म्हणाला… नक्की कुणाच्या वतीने, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

त्या पंतप्रधानाची वचनं काकांच्या जिभेवर असायची. "समिती म्हणजे अशी गाडी, जिचे ब्रेक सगळ्यांकडे आणि स्टिअरिंग कुणाकडेच नाही." किंवा, "निवडणूक हरलेला पुढारी आणि गार झालेला समोसा, दोघांकडे कुणी बघत नाही." इंग्रज पंतप्रधानाला समोसा कुठून माहीत, ही शंका मला तेव्हाच यायला हवी होती. पण आम्ही सगळे आधी हसून मोकळे व्हायचो.

मग एका वर्षी आमच्या इथल्या मराठी मंडळाने महाराष्ट्र दिनाला भाषणं ठेवली. विषय, 'मला आवडलेला नेता'. काकांनी अर्थातच त्या इंग्रजाचं नाव दिलं. मंडळाचे अध्यक्ष दातेसाहेब हादरले. "अहो, महाराष्ट्र दिनाला इंग्रज?" काका म्हणाले, "त्याला मराठी येत नव्हतं हा त्याचा दोष, माझा नाही." बैठकीवर बैठक झाली, आणि शेवटी भाषण छोटं ठेवायचं आणि सिगार आणायचा नाही, या अटींवर परवानगी मिळाली. काका कधी सिगार ओढतच नव्हते, पण अट मिळाल्यावर जरा खूश झाले.

खरा प्रश्न मंडळात नव्हताच. तो तळमजल्यावर होता. तिथे घोषबाबू राहायचे. ते कोलकात्याचे, निवृत्तीला आलेले अकाउंटंट आणि काकांचे रोज संध्याकाळचे फिरायचे सोबती. भाषणाची बातमी त्यांच्या कानावर गेली आणि ते जिना चढून वर आले. मी तेव्हा मावशींकडे बसले होते. घोषबाबूंनी चहा नाकारला. उभ्यानेच म्हणाले, "बावतीसजी, वो बंगाल का अकाल में मेरा बुआ मर गया था. सात साल का बच्ची. आपका ये प्रधानमंत्री को तब भी जोक सूझता था. आप स्टेज पे उसका तारीफ करेगा?" घोषबाबू निघून गेले, आणि दुसऱ्या दिवसापासून एकटेच फिरायला जाऊ लागले. रस्त्याच्या एका बाजूने ते, दुसऱ्या बाजूने काका. मधून गाड्या.

"नाव मागे घ्या," मी काकांना म्हटलं. ते म्हणाले, "नाव मागे घेतलं तर मी घाबरलो असं होईल. भाषण केलं तर मी निर्लज्ज असं होईल. आमचे पंतप्रधान अशा वेळी…"

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरला होता. घोषबाबूही आले. मावशींनी दारात उभं राहून त्यांना ओढूनच आणलं होतं. ते माझ्या शेजारी मागच्या रांगेत बसले. काका उभे राहिले आणि पंतप्रधानाचे एकेक विनोद सांगत पाहता पाहता त्यांनी हॉल खिशात घातला. दातेसाहेब तर डोळे पुसत हसत होते. मराठी न कळणारे घोषबाबूही आजूबाजूला बघून हसू लागले. मग काकांनी चष्मा काढला.

"आता दुसरी बाजू," ते म्हणाले. "या माणसाला प्रत्येक प्रसंगी शब्द सुचले. बंगालमध्ये माणसं भुकेने मरत होती तेव्हा मात्र धान्य सुचलं नाही. आपण स्वातंत्र्य मागितलं तेव्हा तो आयुष्यभर आडवा आला. त्याच्या विनोदांना मी एवढी वर्षं हसलो. त्याने मला पाहिलं असतं तर तो मला हसला असता. माणसाचा विनोद घ्यावा, त्याचं साम्राज्य त्याला परत करावं. मी हे करायला उशीर लावला. बस, एवढंच."

निवेदिकेने घाईघाईने लावणी जाहीर केली. घोषबाबूंनी मला विचारलं, "लास्ट में क्या बोला? कोई हँसा क्यों नहीं?" मी हिंदीतून सांगितलं. ते काही वेळ ढोलकी ऐकत बसले. मग म्हणाले, "और मैं तो पहलेवाला में हँस दिया."

चहाच्या टेबलापाशी ते काकांसमोर जाऊन उभे राहिले. "बावतीसजी, कल कितना बजे?" "नेहमीच्याच वेळेला," काका मराठीतच म्हणाले, आणि घोषबाबूंना ते कळलं.

घरी जाताना गाडीत काकांनी मला हळूच सांगितलं, "अगं बाय, त्यातले निम्मे विनोद माझेच होते." मी ब्रेकच दाबला. "मग त्याच्या नावावर का खपवलेत इतकी वर्षं?" ते म्हणाले, "वसईच्या बावतीसचा विनोद म्हटलं की लोक आधी इकडेतिकडे बघतात, कोण हसतंय का. पंतप्रधानाचा म्हटलं की आधी हसतात, मग विचारतात काय म्हणाला." मागच्या सीटवरून मावशी म्हणाल्या, "मला माहीत होतं. समोसा तर माझाच होता."

त्यानंतर काकांनी विनोद स्वतःच्या नावावर सांगायला सुरुवात केली. सुरुवातीला खरोखरच कमी हसू आलं. काका थांबायचे, वाट बघायचे. हळूहळू लोकांना सवय झाली.

त्यांना वसईला मातीत ठेवून मावशी मस्कतचं घर आवरायला परत आल्या, तेव्हा मंडळाने शोकसभा घेतली. दातेसाहेब गंभीरपणे बोलले. मग घोषबाबू उठले. म्हणाले, फिरताना मी रोज बावतीसजींचाच एखादा विनोद त्यांना सांगायचो, आणि रोज मधलं विसरायचो. शेवट मला यायचा, सुरुवात यायची. मधलं ते सांगायचे. मग त्यांनी एक विनोद सुरू केला. दोन गाड्या, एक उंट, आणि पोलिसांना साक्ष देणारा उंटाचा मालक. उंट रस्त्यात बसला इथपर्यंत आले आणि नेहमीसारखे अडले.

अडले आणि फिरताना काका असायचे त्या बाजूला, डावीकडे, मान वळवून थांबले. तिथे कुणीच नव्हतं. आम्हा कुणालाच मधलं येत नव्हतं. घोषबाबू तसेच थांबून राहिले.