पिशवी काढली म्हणजे काय काढलं?

परवा सुमनला घेऊन अमरावतीच्या दवाखान्यात गेलो. ही माझी थोरली, बावीस वर्षांची. तिची आई नाही, म्हणून सोबत मीच… पोटात पुन्हा तिथेच दुखत होतं.

गेल्या वर्षी तिचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले होते, पाण्याची पिशवी होती, काढली. मी अकोल्याला तिच्या सासरी पोस्टकार्ड टाकलं, "पिशवी काढली, काळजी नसावी." पाण्याची, हे लिहायचं राहून गेलं…

नंतर जावई तिला न्यायला फिरकले नाहीत. मला वाटलं, दुखणेकरी सून त्यांना नको असेल. विचारायला धीर झाला नाही…

परवा बाई डॉक्टरांनी तपासून मला आत बोलावलं. बीजकोशावर पुन्हा तशीच गाठ आहे, लिंबाएवढी. तरुण मुलींना अशा पुन्हा पुन्हा होतात, घातक वाटत नाही. दोन महिने थांबू, बहुतेक आपोआप जिरेल. एकदम जोरात दुखलं, उलट्या झाल्या, तर मात्र लगेच आणायचं.

मग त्यांनी मूलबाळ विचारलं.

"पिशवीच काढली तं कुठून होईन, बाई?" सुमन म्हणाली.

"कोणी सांगितलं? पाळी येते ना तुला? मग गर्भाची पिशवी जाईल कुठे? आत्ताच हाताला लागली माझ्या."

सुमन माझ्याकडे पाहत राहिली. "बाबा, तुमीच तं लिहिलं होतं, मी वाचलं होतं ते कार्ड…"

वर्षभर माझ्याच घरात पोरगी हे मनात घेऊन वावरत होती. मी रोज देवापुढे बसत होतो, तिच्यापुढे एकदाही बसलो नाही…

काल एकटाच अकोल्याला गेलो. ओसरीवर उभ्यानेच सगळं सांगितलं, गाठ पुन्हा झाली तेही. विहीणबाई म्हणाल्या, "साऱ्या गावाची पत्रं लिहून देता न तुमी? अन् पोरीचंच असं लिहिलं?"

मी हात जोडले.

जावई खाली पाहत ऐकत होते. आता मुलाबाळांचं विचारतील, असं वाटलं… पण ते हळूच म्हणाले, "मामाजी, लय दुखते का तिले?" आणि चपला घालून माझ्यासोबत निघाले.

गाठ अजून आहे. ती जिरावी, एवढं मागणं देवाजवळ रोज आहेच. आज मात्र काही मागितलं नाही… जावयांच्या त्या प्रश्नासाठी नुसता नमस्कार केला.